उमाळा

तिसा नदीच्या बांधावर
सत्तावीस ते चौतीस किलोमीटर,
एवढाच माझ्या वडिलांचा देश.
दर शंभर मीटरला दगड, दगडावर आकडा,
मध्ये लाल कौलांचं सरकारी घर,
दाराशी पाप्रिकाच्या माळा
आणि फावडी. मोजून साठ,
गंजलेलं एकही नाही.

हंगेरीच्या नकाशात नदी बरीच सरळ होती.
वेंडेल बांधराख्याने, म्हणजे माझ्या वडिलांनी,
पेन्सिलीने तिची जुनी वळणं काढून दिली.
पणजोबांच्या पिढीने ती कापली होती,
कुदळ, ढकलगाडी, रोजावर.
"साहेब म्हणाले, नदी आळशी आहे.
आळशी नव्हती गं, ऐसपैस होती.
वर्षातून दोनदा या सपाटीवर निजायला यायची,
जाताना गाळाची गोधडी टाकून जायची."
ती वळणं आता तुटून पडलीत
कापलेल्या नखांसारखी.
लोक त्यांना मेलेली तिसा म्हणतात.
मेलेल्या तिसेत मासे बरे लागतात.

आणि जिवंत तिसा
दोन बांधांत अंग चोरून जाते,
गाळ टाकायला जागा नाही म्हणून
स्वतःच्याच पदरात टाकते.
काठ उचलतो, पाणी उचलतं,
मग माणसं बांध उचलतात.
पुरात आमच्या अंगणातून
नदी बघायला मान वर करावी लागे.

मी तेरा वर्षांची असताना
मार्चमध्ये डोंगरांवरचा बर्फ एकदम सुटला, त्यात पाऊस.
कंदील धरायला वडिलांनी मला नेलं.
पाणी बांधावरून येईल म्हणून मी वर बघत होते.
ते खालून आलं.
बांधापासून शंभर पावलं आत, योलान आत्याच्या गव्हात,
जमिनीला ताटलीएवढं तोंड फुटलेलं,
त्यातून पाणी उकळत होतं, थंडगार.

मी पोतं ओढलं, बुजवायला.
त्यांनी मनगट धरलं.
"उमाळा बुजवायचा नाही.
बुजवलास तर दुसरीकडून फुटेल,
आणि तिथे आपण नसू."
भोवती पोती रचली, कमरेएवढी, विहीर बांधावी तशी.
आत पाणी चढत गेलं
आणि चढता चढता
स्वतःच्याच वजनाने दमलं.
मग ओंजळ भरून कंदिलापाशी.
"नितळ आहे. नितळ असेल तर वाहू द्यावं.
वाळू आली, तर बांध आतून चाललाय समज."
दर पंधरा मिनिटांनी ती ओंजळ,
उजाडेपर्यंत.

आता मी सोल्नोकच्या कचेरीत बसते.
कुठे पाणी मुरतंय ते पडदा सांगतो.
या वर्षी पडदा म्हणाला, बांध उचलून भागणार नाही,
दारं उघडा, शेतांत घ्या.
त्या शेतांत आत्याचं शेत.
फोन मीच केला.
आत्या बराच वेळ गप्प. मग म्हणाली,
"तुझ्या पणजोबाने तिला घराबाहेर काढलं.
आता आत घेताय तर किती दिवस राहील
तेवढं सांग."
सहा आठवडे, मी म्हटलं.
"बरं. भरपाईचा फॉर्म पाठव. आणि तो मोठ्या अक्षरातला,
मागच्या वेळी दोनदा परत आला."

सकाळी दारं वर गेली.
आम्ही बांधावर उभे होतो, एकतिसाव्या दगडापाशी.
वडील जाऊन पाच महिने झाले होते.
पाणी आत शिरलं, जरा घुटमळलं,
मग सरळ न जाता डावीकडे वळलं,
मग उजवीकडे, मोठ्ठा वळसा घेऊन,
कुणीही न सांगता
पेन्सिलीच्या रेषेवरून.

मला एकदम काय झालं कळेना.
योलान आत्या शेजारी येऊन उभी राहिली,
मग तिचा मुलगा, मग फावडं घेतलेले दोघे
ज्यांची नावंही मला ठाऊक नव्हती,
खांद्याला खांदा लावून, घट्ट,
फट न ठेवता.
रडू नकोस असं
कुणीही म्हणालं नाही.