घर पाण्यात घालण्याची वेळ

एलिसेओ चिगुआय दिवसा होड्या डांबरतो
आणि रात्री, चूल विझायच्या बेतात असताना,
भरती-ओहोटीचं गणित लिहितो.
केउई बेटावर, चिलीच्या दक्षिणेला,
जिथे नकाशाचा कागद उंदरांनी कुरतडल्यासारखा दिसतो.

पहिल्यांदा लिहिलं ते घरापुरतंच:
शिंपल्या वेचायला बायकोनं किती वाजता निघावं.
मग चुलतभावानं मागितलं, मग समोरच्या बेटानं.
किती जणांना वहीत उतरवून द्यायचं?
त्यानं ते उघड्यावर ठेवलं,
विहिरीवर पोहरा ठेवतात तसं.
वर दोनच ओळी:
घ्या, वापरा, हवं तसं बदला.
बदललंत तर बदल झाकून ठेवू नका.

पाचव्या वर्षी कोरियातून टिपण आलं, मोडक्या स्पॅनिशमध्ये:
तुमचं गणित आमच्याकडे भरती अकरा मिनिटं उशिरा सांगतं.
माझी आई चिखलात कालवं वेचते.
अकरा मिनिटांत गुडघ्याचं पाणी कमरेला लागतं.
खाली दुरुस्तीच्या चार ओळी.
सही: ओक देउक-सू.

एलिसेओ चिडला. तीन दिवस डांबराशीच बोलला.
चौथ्या दिवशी धक्क्यावर बसून
चंद्राचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडला
आणि त्या चार ओळी तशाच्या तशा आत घेतल्या.
शेजारी लिहिलं: आईला सांगा, चुकलो.

मग माणसं येत गेली.
ब्रिटनीची एक बाई, दीपगृहावर राहणारी.
फंडीच्या आखातातला शाळामास्तर,
जो स्वल्पविरामावरून रात्र रात्र भांडायचा.
एकदा तर दोन तट पडले,
निम्म्यांनी आपली प्रत उचलून वेगळी चूल मांडली,
आणि दीड वर्षानं, विरजण मागायला यावं तसे
एक दुरुस्ती मागत दाराशी आले.
कुणी काही बोललं नाही. दिली.

सॅमन पोसणाऱ्या कंपनीचा माणूस मोटरबोटीतून आला.
म्हणाला, किंमत सांगा, बाकी आम्ही बघतो.
एलिसेओ म्हणाला, हे सत्तावीस जणांचं आहे,
त्यातला एक गेल्या थंडीत मेला.
त्याची सही तुम्ही आणता की मी जाऊ?

त्याच्या पुढच्या थंडीत वादळानं छप्पर उचललं,
संगणक खारं पाणी प्यायला.
पंधरा वर्षांचं काम!
बायको रडायला बसली; हा चहा करत राहिला.
तालुक्याच्या शाळेतून निरोप धाडला आणि
सहा दिशांनी तेच गणित परत आलं,
एका प्रतीत तर त्याच्याच जुन्या चुका
कुणीतरी जपून ठेवलेल्या.

आता यंदाची गोष्ट.
रोसालबा ओयार्सोला लेकीजवळ राहायचं होतं, खाडीपलीकडे.
घर मात्र सोडायचं नव्हतं.
तिथे अशा वेळी घरच नेतात. मिंगा म्हणतात त्याला;
आपल्याकडे इर्जिक घालतात ना, तसंच:
पैसा कुणी मागत नाही, पोटभर जेवण घालायचं असतं.
सोळा बैल, ओंडक्यांवरून सरकणारं लाकडी घर,
ओहोटीला किनाऱ्यावर आणून उभं केलेलं,
तळाशी रिकामी पिंपं बांधलेली.
चार होड्या दोर ताणून तयार.
सगळं गाव एलिसेओकडे बघत होतं,
एलिसेओ घड्याळाकडे.
उधाण गाठलं तर घर तरंगणार,
हुकलं तर पुढच्या अमावस्येपर्यंत चिखलात.

चार बावन्नला उंबरा ओला झाला.
चार त्रेपन्नला घर कण्हलं, डावीकडे कललं,
आणि मग, बैलांना कळायच्या आत,
कुणाचंच वजन नसल्यासारखं हललं.

रात्री पंगत उठली. खड्ड्यात शिजलेले बटाटे, शिंपल्या,
बोटांना धुराचा वास.
एलिसेओनं नोंदवहीत एक ओळ घातली:
घर तरंगलं. चार त्रेपन्न. गणित बरोबर.

सकाळपर्यंत खाली तिघांनी विचारलं होतं,
कुणाचं घर?
मास्तरानं पूर्णविराम सुचवला होता.
आणि ओक देउक-सूनं: आई विचारते, आत कुणी होतं का?

एलिसेओनं हात पुसून लिहिलं:
रोसालबाचं.
मांजर होतं. उतरायला तयार नव्हतं.