बिनघोर, बावीस फूट

लिहून घ्या: बावीस फूट. फायबरचं अंग, वर सागवान.
आत दोन माणसं झोपतील, तिसरं रुसलं तर बाहेर.
शिडं दोन. मोठं मी दोनदा उसवून शिवलंय,
टाके तपासा, एक वाकडा सापडला तर चहा माझा.
डोलकाठीला तडा नाही.
नांगर गंजला होता, आता नाही.
इंजिन थंडीत पहिल्या दोरीला उठत नाही,
दुसऱ्या दोरीला शिवी घालावी लागते, तिसरीला उठतं.
आधीच सांगितलेलं बरं.

इचलकरंजीहून दातांच्या डॉक्टर आल्या, हेमांगी खोत.
चपला काढून चढल्या. मी तिथंच निम्मा विकला गेलो.
मग गुडघ्यांवर बसून, बोटाच्या पेरानं
नाळेपासून सुकाणूपर्यंत टकटक करत गेल्या,
कान लावून. एका जागी थांबल्या.
"इथं पोकळ वाजतंय."

वाजणारच.
चौदा सालच्या मे महिन्यात पाणी उतरलं होतं
आणि मी वाऱ्याच्या नादात.
खडक नव्हे, डॉक्टर,
आमच्या जुन्या गावच्या देवळाची दीपमाळ लागली.
रेझिनचे तीन थर भरलेत.
भोक भरतं, आवाज भरत नाही.

"समुद्रात नेलीत कधी?"
नाही. एकतीस वर्षं समुद्राचीच नोकरी केली,
रिटायर झाल्यावर कोण पुन्हा ऑफिसात जाऊन बसतं?
कुलाब्याच्या लिलावात घेतली, ट्रकवर घातली,
कासवरून खाली उतरवताना जांभळीच्या वळणावर
दोन तास अडकली. मागं एसटी तुंबली,
खिडकीतनं एक म्हातारा ओरडला,
"डोंगरावर पूर येणार हाय का काय रं?"

बामणोलीनं हसून घेतलं.
वासोट्याला माणसं नेणारे लाँचवाले
वारा पडला की लांबून हाका मारायचे,
"बसला बघा बिनघोर, पाण्याच्या मधोमध!"
मी तेच नाव रंगवून घेतलं. पिवळ्यात.

"मग विकताय का?"
डोलकाठी उभी करायला दोन माणसं लागतात.
एक मी. माझा गुडघा बघा.
दुसरा बबन उतेकर, तो पोराकडं वाशीला गेला,
फोनवर विचारतो, वारा कुठला आहे आज.

"आणि हा दोर?"
टोकाला शिसं आहे. खोली मोजायचा.
"गाठी सारख्या अंतरावर नाहीत पण."
नाहीत.
पाणी काठोकाठ असताना मारल्यात त्या.
पहिली गाठ पाराची. तिसरी शाळेच्या चौथऱ्याची.
दोन निळ्या चिंध्या आहेत तिथं आमचा उंबरा.
गाव उठलं तेव्हा मी दीड वर्षाचा,
मला काही आठवत नाही.
आईनं जे सांगितलं ते मी दोरानं तपासत गेलो.
बहुतेक खरं निघालं.
विहीर मात्र ती म्हणायची तिथं नाही.

दोर किमतीत नाही, म्हणालो.
बाईंनी वही उघडली.
"मग नवा घ्यावा लागेल. दोन हजार कमी."
बरोबर आहे. केले कमी.

रविवारी ट्रक आला.
डोलकाठी निजवून बांधली, मागच्या टोकाला लाल फडकं.
जयगडला जाणार म्हणे, खाऱ्या पाण्यात.
नाव बदलणार नाहीत, एवढं डॉक्टर स्वतःहून बोलल्या.
ड्रायव्हरला चारदा बजावलं:
जांभळीच्या वळणावर आधी मागं घे, मग वळव,
नाहीतर फसशील.

आणि मोटारसायकल काढून पुढं गेलो,
वळणावरच्या टपरीत चहा सांगून बसलो.
दोन तासांच्या हिशेबानं
बिस्किटाचा पुडाही घेतला होता.

ट्रक आला.
मागं घेतला. वळवला.
लाल फडकं एकदा झाडाला घासलं
आणि पहिल्या फटक्यात निघून गेलं वर.

ऐकलं माझं, गाढवानं.