तेविसावं मत

बसा, बसा. कॉफी संपेपर्यंत तरी बसा.
चर्चच्या तळघराइतकी ऊब आज गावात दुसरीकडे नाही.
पेपरात आलंय ते खरं आहे:
तेवीस मतदानांना ऑर्विल टॉलफसन गैरहजर.
छापणाऱ्याचं काही चुकलेलं नाही.

नऊ वेळा हिमवादळ.
हायवेवर फाटक आडवं, अलीकडे मी,
पिकअपचं इंजिन चालू, थर्मासात वाटाण्याचं सूप,
आणि बिस्मार्क अजून एकशे दहा मैल.

आठ वेळा गायी.
मार्चमध्ये गायींना सभागृहाचं वेळापत्रक पाहून कळा येत नाहीत.
एक वासरू उलटं आलं, मागचे पाय आधी.
उणे बावीस, खांद्यापर्यंत हात आत,
आणि त्याच घटकेला तिकडे पुलांच्या वजनमर्यादेवर मतदान.
वासरू जगलं. पूलही उभे आहेत अजून.

हसलात. मला वाटलं होतं,
तुम्ही हसलात की पुढचं सोपं जाईल.

तीनदा इंगाचं डायलिसिस.
ते मी कुणाला समजावणार नाही.

दोनदा, खरं सांगतो, डुलकी लागली.
मागच्या सोफ्यावर. खतांच्या परवान्यांचं काहीतरी होतं.
कुणी उठवलं नाही.

झाले बावीस.
वेंडेल, तू बोटं मोजतोयस, दिसतंय मला.

बारा एप्रिल.
धान्याच्या कोठारात कुणी एकट्यानं उतरायचं नाही,
कमरेला दोर, वर एक माणूस, नाहीतर मालकाला दंड.
दीड पानांचं विधेयक.
अठ्ठेचाळीस मतं लागतात.

वादळ नव्हतं. गायी मोकळ्या झालेल्या.
इंगाचा डायलिसिसचा वार नव्हता.
मी इमारतीतच होतो,
कोट टांगायच्या खोलीत.
घंटा वाजली तेव्हा एका बाहीत हात होता,
दुसरी बाही सापडत नव्हती.
सापडत नव्हती, असं मी माझ्याशीच म्हणत होतो.

कोठार हार्लनचं, हे काय सांगायचं तुम्हाला.
चाळीस मैलांत त्याच्या एकट्याचा काटा.
सूर्यफूल तुमचं असो की माझं, तोलतो तोच.
आणि मुलगा होता सिग्नीचा.
एकोणीस वर्षांचा.
बियांत छातीपर्यंत, मग हनुवटीपर्यंत.
पत्रा कापला तेव्हा आपण सगळेच होतो तिथे,
धान्याच्या बादल्या करून,
टोप्यांनीसुद्धा उपसत.

भिंतीवरच्या स्पीकरमधून आकडे आले:
हिरवे सत्तेचाळीस, लाल सेहेचाळीस.
एका नावापुढे काहीच नाही.
विरोधात दिलं असतं तरी निकाल हाच लागला असता,
हे मी गाडी चालवताना खूपदा घोकलंय.
पण विरोधात दिलं असतं
तर नावापुढे लाल दिवा तरी लागला असता.
कुणाला बोट दाखवायला काही मिळालं असतं.

मत होतं माझं. दिलं नाही.
तुमच्यातले काही म्हणतात, ऑर्विलनं हात वर केले.
तेवढंही नाही केलं.
हात बाहीत होता.

सिग्नी, तू मागे कधीची तेच चार कप विसळतेस.
नळ बंद कर म्हणणार नाही मी.
पण एवढं सांग,
तिथवर ऐकू आलं का
की पुन्हा पहिल्यापासून सांगू?

नको, पहिल्यापासून नको.
गायी नकोत, वादळ नको.
फक्त शेवटचं.