ळला दोन पूल

कंपनी शिवडीला मासळीची शीतगृहं बांधते.
म्हणाले, अक्षर ठोकळेबाज हवं,
पुलावरून जाणाऱ्या ट्रकलाही दिसेल असं,
आणि जरा दोन हजार ऐंशी सालचं.

वडाळ्याच्या खोलीत मी चौकटीचा कागद पसरला.
ग पासून सुरुवात केली. ग सोपा,
एक आकडा, एक खांब.
प म्हणजे बंद खिडकी.
ट वळवायला पंचेचाळीस अंश पुरले.
शिरोरेखा गर्डरएवढी जाड घेतली
आणि तीन रात्री सगळं तिच्याखाली
मुकाट्याने उभं राहत गेलं.

ळ बसेना.
गोलाई काढली तर चष्मा झाला,
कोपरे दिले तर आडवं पडलेलं कुलूप.
फोनवर विचारलं त्यांनी, ळ टाळता येईल का?
'फिश' लिहू या.
मी म्हटलं, नाही.
का नाही, ते मलाही नीट सांगता आलं नाही.

पेट्यांवर रंग मारायला पत्र्याचे साचे हवे होते,
म्हणून दारूखान्यात अब्बास परकारांकडे गेले.
बत्तीस वर्षं जहाजं कापतायत.
मूळचे हर्णैचे, पण होडीत बसले की त्यांना मळमळतं.
माझा कागद त्यांनी उलटाच धरला
आणि व वर काळं बोट ठेवलं.
"ह्याचं पोट गळणार."

कळलं नाही मला. मग त्यांनी कापूनच दाखवलं.
निळी ज्योत गोल फिरून जिथून निघाली तिथे आली
आणि व चं पोट वाळूत पडलं,
आधी लाल, मग राखाडी.
पत्र्यात उरलं एक भोक,
ते कुठलंच अक्षर नव्हतं.
"मधल्याला धरायला कोण आहे?" ते म्हणाले.
खडूने दोन रेघा ओढल्या.
"हितं पूल ठेव. बोटभर. कापायचा नाय."

घरी येऊन व ला पूल दिला, ब ला, ष ला.
ळला दोन द्यावे लागले,
आणि पहाटे कधीतरी, पाणी यायच्या सुमारास,
तो बसला.
दोन्ही चौकोन उघडे पडले होते थोडे,
चष्मा नव्हता, कुलूप नव्हतं.

कंपनीला त्या फटी फार आवडल्या.
भविष्यातल्या वाटतात म्हणाले.
मी परकारांचं नाव सांगितलं,
त्यांनी स्पेलिंग विचारलं, लिहून घेतलं नाही.

छापील नमुना घेऊन पुन्हा गेले दारूखान्यात.
हातभर उंचीचं, काळं : मासळी.
त्यांनी वाचलं नाही, पूल मोजले.
म ला एक, स ला एक, ळला दोन.
मग बोट वर नेलं, गर्डरच्याही वर,
"बाय, वेलांटीचं पोट विसरलीस."

खरंच विसरले होते.
"डोक्यावर असतं ना," खिशात खडू चाचपत ते म्हणाले,
"म्हणून दिसत नाय."