एक नंबर

मुहर्रकला जुन्या बाजाराच्या मागं
कुंजुमोनच्या कोल्ड स्टोअरात
शंभर फिल्सला चिप्सचं पाकीट मिळायचं
आणि आत, तेलकट, एका फुटबॉलवाल्याचं कार्ड.
पोरं पाकीट दातानं फाडायची.
फॉरवर्ड निघाला तर खिशात,
गोलकीपर निघाला तर रस्त्यात.

लाँड्रीचं शटर वर करताना
पहिला मर्झूक मला असा सापडला,
तोंडावर चपलेचा ठसा.
मी इस्त्रीवाला माणूस.
वर फडकं घातलं, आच कमी केली
आणि त्याला सरळ केला.

नंतर सापडतच गेले.
अकरा. सगळे सारखे:
पिवळा शर्ट, हवेत आडवा,
आणि बॉल छापताना कापला गेलेला,
त्यामुळं तो नुसता
हवेवर झेप घेतोय.

आमच्या पेठेत चांगल्या वस्तूला एक नंबर म्हणतात.
मैदानात एक नंबर म्हणजे
ज्याच्याकडं आपल्याच दहा जणांची पाठ.
तालमीची पोरं मलाही गोली करायची,
मी लांबडा, शिवाय पळायचा कंटाळा.
पुढचं सांगत नाही.
सेमीफायनलनंतर मी सहा महिने
मिरजकर तिकटीवरनं गेलो नाही, एवढंच.

शुक्रवारी मर्झूकला बघायला जायचो.
पेनल्टीआधी तो दोन्ही खांबांना हात लावून यायचा,
गावाला निघताना माणूस
कडी पुन्हा बघून येतो तसा.

क्लबचे कपडे आमच्याकडं यायचे.
एकदा गोणीत डावा ग्लोव्ह राहिला,
मधल्या बोटाला चिकटपट्टी.
मालक म्हणाला, महिनाभर ठेव, मग टाक.
त्याला एकवीस वर्षं झाली. मालक गेला.
वास अजून आहे.

एक तिकीट आहे, अर्धं.
एक अरबी कात्रण आहे, प्लास्टिकमध्ये.
शिंप्याकडनं वाचून घेतलं एकदा:
त्यानं सोडलेल्या चार गोलांची बातमी होती.
ठेवली तरी.

खोलीत आम्ही सहा जण.
दाभोळचा परकार म्हणायचा,
लोक इथं येऊन सोनं जमवतात रे,
तू रद्दी जमवतोस.
पिशवीकडं कधी वळूनही बघितलं नाही त्यानं.

परवा एक म्हातारा बिश्त घेऊन आला.
पोट सुटलेलं, गुडघ्यात वाकलेला, मुलीचं लग्न.
पावतीसाठी नाव विचारलं.
म्हणाला, मर्झूक ईद.
मी तेच नाव लिहिलं, खोडलं, परत लिहिलं.
मग वर गेलो, पिशवी आणली,
काउंटरवर अकराही कार्डं मांडली.

त्यानं चष्मा लावला. काढला. पुसून पुन्हा लावला.
"हादा मू अना, सदीक."
हा मी नाहीच.
हा अदनान, आमचा राखीव गोली.
फोटोवाला आला त्या दिवशी
मी दाताच्या डॉक्टरकडं होतो.
आणि बाकड्यावर बसून एवढा हसला
की गिऱ्हाइकं आत येईनात.

ग्लोव्ह दाखवला तेव्हा हसणं थांबलं.
चिकटपट्टीवरनं अंगठा फिरवला.
हात घालून बघितला,
बोटं सुजलेली, अर्ध्यात अडली.
काढला. माझ्याकडं दिला.
काही बोलला नाही.

जाताना म्हणाला, एक कार्ड दे,
अदनान सित्राला असतो,
त्याला माहीतही नसेल.
मी दिलं. ठसा असलेलं नाही दिलं.
ते माझं.
बिश्तचा दीड दिनार घ्यावा का कळेना,
तर त्यानंच काउंटरवर ठेवला.

रात्री परकारला सांगितलं.
खोकला येईपर्यंत हसला तो.
मग डोळे पुसले, सरकून जागा केली,
म्हणाला,
बरं, आण ती पिशवी.