टिव्ह

होटगी रोडच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
लिफ्टच्या मशीनशेजारी एक खोली आहे.
मे महिन्यात सोलापुरात थंडी वाजते ती एवढ्याच जागेत.
तिथं अठ्ठेचाळीस तोंडांचा स्विच
आणि त्याच्यासमोर उलट्या बादलीवर मी.

तक्रारीच्या कागदावर 'आवाज तुटतो' एवढंच होतं.
रक्तपेढीच्या रुकसाना शेखनं तोंडी सांगितली ती अशी:
"आयसीयूतनं फोन आला की वो. 'बी' म्हणाले,
मग कायच नाही, मग 'टिव्ह'.
पॉझि का निगे, मधलं कुठं गेलं काय की.
तीनदा विचारले. चौथ्यांदा जिना चढून गेले."

मधलं कुठं गेलं ते मला ठाऊक होतं.
त्याच क्षणी तळघरातून एक्स-रेच्या फायली वर निघालेल्या,
बावीस कॅमेरे रिकामं पार्किंग मन लावून पाठवत होते,
हिशेबखात्याचा बॅकअप दारात पाय पसरून आडवा,
आणि स्विच आपला
आधी येईल त्याला आधी सोडत होता.
ऐकायला न्याय वाटतो.

फाइल थांबते. अर्धी हरवली तर
उरलेली पुन्हा मागवता येते.
उशिरा पोचलेल्या 'निगे'चं काय करायचं?
तो शिळाही होत नाही. तो नसतोच.

म्हणून आकडे लिहीत बसलो.
आवाजाच्या कपाळावर शेहेचाळीस.
बिराजदार डॉक्टर पुण्याला पेशंट दाखवतात
त्या चित्राला चौतीस.
बाकीच्यांना शून्य; शून्यवाले पोचतात, सावकाश.
आणि एक अट: फोनच्या शब्दावर विश्वास ठेव,
संगणकाच्या नको.
मला घाई आहे असं कुणीही लिहून आणतं.

अकराला करजगीकर साहेबांचा फोन.
"माझी मीटिंग वर टाका. कॅन्टीनचा टीव्हीपण.
सगळंच वर टाका ना, म्हणजे प्रश्नच मिटला."
हो म्हणालो. टाकलं नाही.

पहिल्या रांगेलाही कुंपण लागतं,
नाहीतर ती बाकीच्यांना उपाशी मारते.
दहा टक्के. त्यापलीकडचं गळेल.
गळेल, असं टाइप करताना अम्मा आठवली,
ब्रँचमध्ये सूप पुढं करून उभी.
चेकर न बघता बोटांनी चाळायचा,
मूठभर विड्या छाट म्हणून बाजूला.
अम्मा तेलुगूत मोजायची आणि मराठीत भांडायची.
छाटाचे पैसे मिळायचे नाहीत, विड्याही परत नाहीत.
आज चाळणारा मी.
माझ्याकडं गळलेल्यांचा निदान आकडा राहतो,
तोही सकाळी एका आज्ञेत पुसता येतो.

दोन चाळीसला मुद्दाम सगळं एकदम सोडलं,
बॅकअप, एक्स-रे, कॅमेरे, होतं नव्हतं ते.
आणि रक्तपेढीला फोन लावला.
"काय बोलू?"
"फ्रीज उघड. दिसेल ते वाच."
"ए पॉझिटिव्ह, सात. ओ पॉझिटिव्ह, अकरा.
एबी पॉझिटिव्ह, चार.
बी निगेटिव्ह..."
आणि काही नाही.

पडद्यावर बघितलं. शेहेचाळीसच्या रांगेत गळती शून्य.
पुन्हा बघितलं. शून्य.
"रुकसाना? तुटला का?"
"नाही वो. ऐकू येतंय नीट.
मागं हात घालून बघत होते.
एकच आहे."

तिच्या मागं फ्रीजची घरघर
इतकी अखंड येत होती
की दार लावल्याचं मला इथं कळलं.

अर्ध्या जिन्यात आठवलं, सेव्ह केलंच नाही.
एमआयडीसीचा फीडर या दिवसांत केव्हाही बसतो,
आणि वीज परत आली की स्विचला
जुनंच तेवढं आठवतं.
परत चढलो. दोन शब्द टाइप केले,
ओके येईपर्यंत उभा राहिलो,
कारण बादली
फरशी पुसायला आलेल्या नरसम्माबाई
तेवढ्यात घेऊन गेल्या होत्या.