गावची कांजी

दुपारी दोन ते चार लाइन राहते,
तेवढ्यात एक जोडी निघते.
रिंगमध्ये कापड नाही.
काचेसारखा पातळ कागद ताणलेला,
ओला श्वास लागला तरी सुरकुततो.
बोलायचं तर तोंड फिरवून,
हे मी पहिल्या आठवड्यातच शिकले.

वर पांढरा धागा, खाली बॉबिनलाही तोच.
ब्लाउजची उलटी बाजू अंगाला लागून असते, ती कोण बघतं?
झुमका मात्र फिरतो,
मागून बघणारीलाही तो दिसतो.

पहिलं फूल घाईत काढलं होतं.
पाकळ्या देखण्या, पण एकीचा टाका दुसरीला शिवत नव्हता.
पाण्यात सोडलं, कागद गेला,
आणि वाटीत उरल्या नुसत्या शेवया.
गटातली सुलभा ढोरे म्हणाली, "आता दूध घाल अन् खीर कर."
इतक्या हसलो की
लाइन गेलेली कळलीच नाही.

तेव्हापासून सुई आधी जाळी घालते,
आडवी, उभी, पुन्हा तिरपी,
फुलाची पाळी त्यानंतर.

आमचं गाव खारपाणपट्ट्यात.
विहिरीच्या पाण्यात साबण फेसाळत नाही,
डाळ शिजता शिजत नाही,
आणि हा कागद विरघळतो, पण रुसल्यासारखा,
बुळबुळीत होऊन धाग्याला धरून बसतो.
प्यायच्या कॅनमधलं एक तांब्या पाणी
सासू देवळात गेलेली बघून घेतलं.
झुमका स्वच्छ निघाला,
आणि तळहातावर लोळला, भिजल्या पिसासारखा.
मग विहिरीचंच कोमट केलं.
चिकट राहिलं ते राहू दिलं.
वाळल्यावर खडखडीत!
अमरावतीची दुकानवाली विचारते,
"ताई, कांजी कोणती वापरता?"
मी म्हटलं, "गावची आहे."

गोपिकाआत्या रोज येऊन उंबऱ्याशी बसते,
मशीनची टिकटिक ऐकत.
तिच्या दोन्ही पाळ्या फाटलेल्या.
बाळ्या जड होत्या, तिच्या आईच्या.
एक नातवाने ओढली,
दुसरी आपली आपणच उतरत गेली, वर्षाला एक केसभर.
भोक होतं तिथे आता चीर आहे.
मी जोडी उजेडात धरली की म्हणते,
"मले कायले दाखवतं व?
माह्या कानात अडकवाले काई उरलंच नाई."

मी हातातल्या जाळीकडे बघत राहिले.
तीही सगळी भोकंच की.
फक्त एकेका भोकाला
चहूकडून कोणीतरी धरलेलं.

तिच्या कानाचं माप दोऱ्याने घेतलं.
गुदगुल्या झाल्या तिला, सत्तरीच्या बाईला!
पोराच्या जुन्या लॅपटॉपवर वेल काढली,
कानामागून फिरून पुढे येणारी,
खाली हरभऱ्याचे तीन घाटे.
पहिली घट्ट झाली. दुसरीत धागा तुटला.
तिसरी बसली.

आत्याने मान हलवली, एकदा, पुन्हा एकदा जोरात.
"वाजत नाई व हे."
नाही वाजत, मी म्हटलं.
"आमच्या बाळ्या वाजत. मी विहिरीवर निघाली
का घरात कळे."
आरसा मागितला नाही तिने.
दोन बोटांनी घाटे मोजले, इकडचे, तिकडचे,
आणि हिशेब जुळल्यासारखी उठून गेली.

दुसऱ्या दिवशी आली तर वेल मऊ पडलेली,
घाटे मानेला चिकटलेले.
"न्हाताना काढाचीच राहिली," म्हणाली,
"झोपतानाही.
कळलंच नाई, घातली हाये म्हणून."

कात्रणांची बरणी घेतली मी,
थोडी कोमट पाण्यात टाकली.
"दे आत्या, पुन्हा कडक करून वाळू घालते,
संध्याकाळी घेऊन जा."

तिने पदर पुढे ओढला
आणि दोन्ही कान झाकले.